१८८० साली कायदे कौन्सिलात कुळांच्या बाजूचं कोण बसलं होतं? (मुंबई इलाखा, १८६२ ते १९००)

हर्णैबंदर

नमस्कार मंडळी,

माझं गाव दापोली तालुक्यात, हर्णैपासून वर डोंगराच्या अंगाला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुळं. यंदा शिमग्याला घरी गेलो तेव्हा माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढली. आत मोडीतली एक कबुलायत निघाली. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतली. खोताला (म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरेच्या हक्कदाराला) भाताचा निम्मा वाटा घालीन, घातला नाही तर जमीन सोडीन, असा मजकूर. साल १८८३. तळाला माझ्या खापरपणजोबांचं नाव आणि त्यापुढे "निशाणी नांगर". सही येत नव्हती, म्हणून नांगराचं चित्र काढलेलं.

त्या एका नांगरापायी गेले चार महिने मी खोतीचा कायदा वाचतोय. खोती सेटलमेंट अ‍ॅक्ट, म्हणजे १८८० चा मुंबईचा कायदा क्रमांक १. रत्नागिरी जिल्हा आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्याचा काही भाग त्याखाली होता. कुठलं कूळ कायमचं, कुठलं साधं, खोताने कुणाकडून किती घ्यायचं, हे सगळं त्यात बांधून टाकलं. कायम ठरला त्याची जमीन राहिली. जो साधा ठरला तो दर हंगामाला खोताच्या ओसरीवर उभा राहिला. आमची मंडळी साधी ठरली.

मग मनात आलं, हा कायदा केला कुणी? "इंग्रजांनी" एवढ्या उत्तरावर समाधान होईना. कोणत्या खोलीत, कोण कोण बसून?

जमवलेलं मांडतो. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ मध्ये, मुंबई सरकारने स्वतःचे कायदे केले होते. १८३३ च्या सनदेने तो अधिकार काढून घेतला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं मुंबई इलाख्याचे कायदे कलकत्त्यात झाले. १८५७ नंतर विलायत सरकारचे डोळे उघडले. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्यातलं कुणी जवळ नसेल तर काय शिजतंय ते कळत नाही, हा धडा त्यांना मिळाला होता. त्यातून १८६१ चा कौन्सिल अ‍ॅक्ट आला. मुंबई आणि मद्रासला कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायद्याच्या कामापुरते किमान चार आणि जास्तीत जास्त आठ जादा सभासद घ्यायचे, शिवाय अ‍ॅडव्होकेट जनरल. जादा सभासदांपैकी निदान निम्मे बिनसरकारी हवेत. मुदत दोन वर्षं. नेमणूक गव्हर्नरची, मतदान नाही.

पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या टाउन हॉलात भरली. आज एशियाटिक सोसायटी आहे तीच इमारत. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क अध्यक्षस्थानी. त्या पहिल्या तुकडीतली आपली नावं म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉयांचे चिरंजीव रुस्तमजी, अहमदाबादचे नगरशेठ प्रेमाभाई हेमाभाई आणि विंचूरकर सरदार. सावकार, व्यापारी, नगरशेठ, जहागीरदार.

आता माझा खरा मुद्दा. १८७४ पासून या कौन्सिलात रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक होते. मंडलिक मुरुडचे, म्हणजे आमच्या हर्णैच्या शेजारचेच. हायकोर्टातले नामांकित वकील, 'नेटिव्ह ओपिनियन' पत्र काढणारे, सरकारला तोंडावर खडसावणारे. लहानपणापासून त्यांचं नाव आदराने ऐकलंय. पण मंडलिक स्वतः खोत घराण्यातले होते आणि कौन्सिलात त्यांनी खोतांच्या हक्कांचीच बाजू लावून धरली. म्हणजे कायदा होताना खोतांच्या तर्फेने बोलायला इलाख्यातला सर्वांत तयार माणूस त्या टेबलाशी होता.

आणि नांगराची निशाणी करणाऱ्याच्या बाजूने कोण होतं? कुणाला माहिती असेल तर सांगा. मी मनापासून विचारतोय.

---

पेठेतला

धागा फार आवडला. विंचूरकरांचं नाव वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली.

पुण्यात सदाशिव पेठेत विंचूरकरांचा वाडा होता. पुढे टिळक त्याच वाड्यात बिऱ्हाडाने राहत होते, गायकवाड वाड्यात जाण्याआधी. १८९५ मध्ये टिळक मुंबई कायदे कौन्सिलावर निवडून गेले तेव्हा त्यांचा पत्ता विंचूरकर वाडा हाच. १८६२ मध्ये त्या घराण्यातल्या माणसाला गव्हर्नरने सरदार म्हणून बोलावलं आणि तेहतीस वर्षांनी त्यांच्या वाड्यातला भाडेकरू लोकांच्या मतांवर गेला. त्या वाड्यावरून जाताना मला हे दरवेळी आठवतं.

आणि एक, शब्दाबद्दल. आज आपण मंत्र्याला नामदार म्हणतो. तेव्हा कौन्सिलाचा कुठलाही सभासद नामदार असायचा, "ऑनरेबल"चं मराठी म्हणून. जुन्या वर्तमानपत्रांत "ना. तेलंग", "ना. गोखले" असं दिसतं ते त्यामुळे.

मंडलिकांविषयी मात्र तुम्ही जरा कठोर होताय असं वाटतं. त्यावर सवडीने लिहितो.

---

घाटावरची

वाचते आहे. खूप माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

---

सनदवाचक

मी वकिली करतो, त्यामुळे या कौन्सिलाच्या जुन्या कायद्यांशी रोजचा संबंध येतो. सभासद कोण होते याबरोबर त्यांच्या हातात काय होतं हेही पाहायला हवं, म्हणजे मंडलिकांचं माप नीट घेता येईल.

१८६१ च्या कायद्याखाली सभासदाला फक्त समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलता येई. प्रश्न विचारता येत नसे. दुष्काळात अमुक तालुक्यात सूट का दिली नाही, हे विचारायची सोयच नव्हती. अंदाजपत्रक कौन्सिलापुढे चर्चेला येत नसे. जमाखर्चाला हात लागेल असं विधेयक गव्हर्नरच्या परवानगीशिवाय मांडता येत नसे. चलन, टपाल, लष्कर, फौजदारी संहिता, लोकांचे धर्म आणि धार्मिक चाली यांना हात घालायचा तर आधी गव्हर्नर जनरलची मंजुरी. एवढं होऊन कायदा पास झाला तरी गव्हर्नरची संमती, मग गव्हर्नर जनरलची संमती, आणि शेवटी लंडनहून तो रद्दही होऊ शके.

आता बेरीज करा. गव्हर्नर, त्याच्या कार्यकारी मंडळातले लोक, सेनापती, अ‍ॅडव्होकेट जनरल आणि जादा सभासदांतले सरकारी अधिकारी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जेमतेम चार-पाच बिनसरकारी, त्यातही एखाददुसरा गोरा व्यापारी. सरकारने मनावर घेतलं तर विधेयक पडणं शक्य नव्हतं. बिनसरकारी सभासदाचं हत्यार दोनच, विधेयक तपासणाऱ्या सिलेक्ट कमिटीत कलमाकलमाला दुरुस्त्या सुचवणं आणि बोलणं. ते बोलणं छापून येई, पुण्या-मुंबईची पत्रं उचलून धरीत.

तरी त्या मर्यादेत काय होऊ शकतं त्याचं उदाहरण देतो. १८८८ चा मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा, त्या साली तिसऱ्या क्रमांकाचा. त्यावर कौन्सिलात तेलंग आणि फिरोजशहा मेहता यांनी कलमं घासूनपुसून घेतली. दोघेही नेमलेले सभासद. तेलंग १८८४ पासून, मेहता १८८७ पासून. तो कायदा दुरुस्त्यांसह आजही मुंबई महापालिकेला लागू आहे. माझ्या टेबलावर या क्षणी आहे.

---

शिवारवाट

हर्णैबंदर दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही. माझ्या घरातला कागद वेगळा, पण प्रश्न तोच.

आम्ही नगर जिल्ह्यातले, महार वतनातले. सनदवाचक सरांनी ज्या कायद्यांचा उल्लेख केला त्यातच १८७४ चा कायदा क्रमांक ३ आहे, वंशपरंपरागत हुद्द्यांचा, ज्याला सगळे वतन कायदा म्हणतात. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांबरोबर गावकीच्या सेवेची कनिष्ठ वतनंही त्यात आली. वतनाची जमीन वतनदार घराण्याबाहेर विकता येणार नाही, आणि जमिनीच्या बदल्यात सेवा. ही "सेवा" म्हणजे काय हे माझ्या आजीने सांगितलंय. रात्री-अपरात्री निरोप घेऊन पुढच्या गावी जायचं, सरकारी अंमलदार आला की त्याचं सामान वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्याची वेळ ठरलेली नाही, पगार ठरलेला नाही, आणि घरातल्या एकाने केलं नाही तर दुसऱ्याने करायचं.

ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी मंडलिक कौन्सिलात आले, असं तुम्ही लिहिलंत. मी नावं शोधत बसले. टेबलाभोवती शेठ आहेत, सरदार आहेत, पुढच्या दहा वर्षांत बॅरिस्टर आणि प्राध्यापकही येतात. ज्याच्या पाठीवर तो कायदा पडला त्याच्या वस्तीतलं कुणी त्या शतकात तिथे पोहोचलं नाही.

तो कायदा बदला म्हणून त्याच मुंबई कौन्सिलात विधेयक आलं ते १९२८ साली, बाबासाहेबांनी आणलं. चौपन्न वर्षांनी. आणि ती वतनं प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने. माझी आजी तोपर्यंत दोन मुलांची आई झाली होती.

म्हणून "सभासद कोण होते" या यादीकडे मी कुतूहलाने पाहू शकत नाही. एकेक नाव वाचताना शेजारची मोकळी जागा दिसते.

---

हर्णैबंदर

शिवारवाट ताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटची ओळ वाचताना माझाच आवाज अडकला.

सनदवाचक, तुम्ही खूप स्पष्ट करून सांगितलंत. आभारी आहे.

---

बोरीबंदर_लोकल

महात्मा फुले होते ना कौन्सिलात? शाळेत वाचल्यासारखं वाटतंय.

---

पेठेतला

नाही. फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. कायदे कौन्सिलात नव्हते. ती गल्लत बऱ्याच ठिकाणी होते. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं त्या काळात सर्वांत धारदारपणे मांडणारा माणूस नगरपालिकेपर्यंत पोहोचला, कौन्सिलापर्यंत नाही. हर्णैबंदर यांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे, आणि ते मलाच नकोसं वाटतंय.

आता मंडलिकांविषयी. ते खोतांच्या बाजूचे होते हे खरं, नाकारत नाही. पण त्यांचं म्हणणं काय होतं तेही मांडायला हवं. खोती हा वंशपरंपरेचा हक्क आहे, पेशवाईतल्या सनदा आहेत, सरकारला आपल्या मर्जीने तो छाटता येणार नाही, असा तो युक्तिवाद. मंडलिक कायद्याचे माणूस. सरकारने एकदा सनदेला हात घातला की उद्या कुणाचीच मालमत्ता सुरक्षित नाही, ही त्यांची भीती खोटी नव्हती. इनामांच्या सनदा तपासून इनामं काढून घेणाऱ्या इनाम कमिशनने घराणीच्या घराणी कशी उघड्यावर आणली ते त्यांच्या पिढीने पाहिलं होतं. आणि सरकारला विरोध करण्याची किंमत असते. त्या टेबलाशी "नाही" म्हणणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आपल्याला निर्भीड सभासद हवा असेल तर तो कधी कधी आपल्या विरुद्धही निर्भीड असणार.

---

हर्णैबंदर

पेठेतला, तुम्ही लिहिलंत त्यातलं पुष्कळसं मला पटतं. मंडलिकांना मी खलनायक ठरवत नाही. मुरुडला गेलो की आजही त्यांच्या नावाने मान झुकते.

पण सनद होती म्हणता, तर कुळाकडे काय होतं? डोंगर फोडून केलेली वरकस जमीन होती. चार पिढ्या राब भाजला, खाचरं बांधली. त्याची सनद कुणी लिहून दिली नव्हती. कौन्सिलात लिहिलेल्या कागदाला वकील होता, न लिहिलेल्या घामाला नव्हता.

या चार महिन्यांत मला सर्वांत त्रास झाला तो एका गोष्टीचा. कुळांना कायम हक्क मिळावा म्हणून त्या वेळी जोर धरणारे बहुतेक महसूल खात्याचे गोरे साहेब होते. त्यांचे हेतू त्यांच्याजवळ. खोताच्या हातून वसुली निसटू नये, शेतकरी भडकू नये, १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळल्या तसं कोकणात होऊ नये. आमच्या भल्यासाठी ते झोप मोडत नव्हते हे कळतं. पण माझ्या खापरपणजोबांची बाजू, अर्धवट का होईना, परक्या अंमलदाराने मांडली आणि विरोध केला तो शेजारच्या गावच्या विद्वानाने. हे गिळायला मला अजून जड जातंय.

---

सनदवाचक

तुमची वेदना समजते. यात एक गोष्ट जोडतो, कारण हाच पेच १९०१ मध्ये पुन्हा आला आणि तेव्हा माणसं वेगळी होती.

सरकारने १८७९ च्या जमीन महसूल संहितेत दुरुस्ती आणली. महसूल थकल्यामुळे जप्त झालेली जमीन परत देताना ती विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क काढून घ्यायचा, म्हणजे ती सावकाराच्या घशात जाणार नाही. मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्याची पतच तुम्ही काढून घेताय, आधी सारा कमी करा. सरकार ऐकेना, तेव्हा ऑगस्ट १९०१ मध्ये ते सभात्याग करून बाहेर पडले. आज सभात्याग रोजचा झालाय. तेव्हा तो धक्का होता.

कोण बरोबर होतं? मी वीस वर्षं यावर विचार करतोय आणि गोखल्यांच्या बाजूला झुकतो, कारण त्यांनी साऱ्याच्या ओझ्यावर बोट ठेवलं. पण पुन्हा तेच. ज्याची जमीन जप्त झाली होती तो शेतकरी बाहेरही नव्हता आणि आतही नव्हता.

---

येवलेकर

मधला टप्पा सुटतोय. नेमलेले सभासद जाऊन निवडलेले कसे आले?

आमचा नाशिक जिल्हा तेव्हा मध्य भागात होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, खानदेश आणि नाशिक. ठाणे गुजरातबरोबर उत्तर भागात, रत्नागिरी आणि कुलाबा धारवाड-बेळगावबरोबर दक्षिण भागात. म्हणजे हर्णैबंदर यांचं दापोली आणि धारवाड एका जागेसाठी मत देणार! जाणकारांनी सांगावं.

---

सनदवाचक

१८९२ च्या कौन्सिल अ‍ॅक्टने जादा सभासद आठ ते वीस केले, प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची मुभा दिली. मत द्यायची मुभा मात्र अंदाजपत्रकावर नाही. "निवडणूक" हा शब्द त्यात मुद्दाम टाळला. मुंबई महापालिका, विद्यापीठ, व्यापाऱ्यांची चेंबर, दख्खनचे सरदार, सिंधचे जमीनदार, त्या त्या भागातली लोकल बोर्डं आणि नगरपालिका यांनी नावाची "शिफारस" करायची आणि गव्हर्नरने नेमायचं. व्यवहारात ती निवडणूकच झाली. महापालिकेने मेहतांना पाठवलं.

पहिल्या नियमांत गंमत म्हणावी की अन्याय म्हणावा, मध्य भागाच्या लोकल बोर्डांना जागाच नव्हती. सार्वजनिक सभा ज्या पुण्यात, तेच वगळलेलं. ओरड झाली आणि जागा मिळाली. त्या जागेवर १८९५ मध्ये टिळक आले, १८९७ मध्ये पुन्हा आले. जुलै १८९७ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली तेव्हा ते नामदार टिळक होते. १८९९ मध्ये त्याच मध्य भागातून गोखले.

मतदार कोण? गावोगावचे लोक नव्हेत. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानंतर १८८४ च्या मुंबई कायदा क्रमांक १ ने लोकल बोर्डं झाली, त्या बोर्डांच्या प्रतिनिधींनी मत द्यायचं. बोर्डात बसायला आधी सारा भरणारा, मिळकतदार, इनामदार किंवा सरकारने नेमलेला असायला हवं. एका पुऱ्या विभागाचे मतदार एका दिवाणखान्यात मावतील इतके.

---

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय, थोडं अवांतर. त्याच शतकात आमच्याकडे गोष्ट अगदी वेगळी होती. पोर्तुगालात १८२० ला क्रांती झाली आणि गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडून पाठवायचं ठरलं. १८२२ मध्ये बर्नार्दो पेरिश द सिल्वा आणि कॉस्तांसियु रोक द कॉश्त हे गोवेकर निवडून आले. नाना शंकरशेट कौन्सिलात बसायच्या चाळीस वर्षं आधी. पण मत कुणाला? बहुतेक ख्रिस्ती वरच्या घराण्यांना. कुळवाडी इथेही दाराबाहेरच. हर्णैबंदर, तुमचा नांगर आमच्याकडेही आहे.

---

घाटावरची

मला एक विचारायचंय. या नेमलेल्या लोकांना स्वतःला खटकत नव्हतं का, की आपल्याला लोकांनी निवडलेलं नाही?

---

पेठेतला

घाटावरची ताई, खटकत होतं, आणि ही त्यांची सर्वांत चांगली बाजू आहे.

डिसेंबर १८८५, मुंबई, काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, गोकुळदास तेजपाल पाठशाळा. तिसरा ठराव कौन्सिलं मोठी करा, त्यांत निवडून आलेले सभासद घ्या, अंदाजपत्रक आमच्यापुढे ठेवा, प्रश्न विचारू द्या. ठराव मांडला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. अनुमोदन मद्रासच्या सुब्रह्मण्य अय्यरांचं, पाठिंबा दादाभाईंचा. तेलंग आणि दादाभाई त्या वेळी मुंबई कौन्सिलाचे नेमलेले सभासद, अय्यर मद्रासचे. ज्या खुर्चीवर गव्हर्नरच्या मेहेरबानीने बसलो तीच खुर्ची लोकांच्या मताची करा, असं त्या खुर्चीवर बसलेलेच उठून सांगत होते. तेलंग तेव्हा पस्तिशीचे. १८८९ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९३ ला गेले.

त्याच साली, १८८५ ला, गव्हर्नर लॉर्ड रे यांनी रानड्यांनाही कौन्सिलात घेतलं. तेलंग, दादाभाई, रानडे एकाच टेबलाशी. मला त्या खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायला मिळालं असतं तर!

पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला असायचे, तेव्हा बैठकही पुण्याच्या कौन्सिल हॉलात भरायची. ती इमारत स्टेशनजवळ आजही उभी आहे.

---

शिवारवाट

पेठेतला सर, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं आणि त्या माणसांचा मोठेपणा मी मानते. तेलंगांनी तो दरवाजा लावून धरला नाही, उघडा ठेवा म्हणाले. पुढे त्याच दरवाज्यातून बाबासाहेब १९२७ मध्ये आत गेले, हे मी विसरत नाही.

एवढंच, की दरवाजा उघडायला सांगणारे आणि बाहेर थांबलेले यांच्यात जे अंतर होतं ते चालून यायला आमच्या लोकांना बेचाळीस वर्षं लागली, आणि तेही आधी नेमणुकीनेच. ती बेचाळीस वर्षंही या धाग्यात असावीत असं वाटलं.

---

येवलेकर

+१ शिवारवाट ताईंना. या धाग्यामुळे मी आमच्या तालुक्याच्या जुन्या लोकल बोर्डाचे सभासद शोधायला घेतलेत. सापडले की वेगळा धागा काढतो.

---

हर्णैबंदर

सगळ्यांचे आभार. एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते "कुणीच नाही" असंच आहे. तरी काल आईशी बोलताना एक गोष्ट निघाली ती इथे लिहून ठेवतो. त्या कबुलायतीचे मालक माझे खापरपणजोबा. त्यांचा नातू म्हणजे माझे आजोबा. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई असेंब्लीत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातली कुळं कौन्सिल हॉलावर मोर्चा घेऊन गेली. आई म्हणते, आजोबा हर्णैहून बोटीत बसले होते. तेव्हा बावीस वर्षांचे. बरोबर भाकरी आणि सुकट. परत आले ते पायाला फोड घेऊन, आणि आठ दिवस कुणाशी दुसरं काही बोलत नव्हते. शिवारवाट ताई, तुमच्या माणसांनी उघडलेल्या दारापाशी माझे आजोबाही उभे होते, हे मला काल कळलं.

तो कौन्सिल हॉल म्हणजे मुंबईतल्या कुलाब्याची जुनी सेलर्स होमची इमारत. आता तिथे पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. आजोबांनी सातबारा हातात आल्यावर तो देवघरात ठेवला होता.

एक मदत हवी आहे. कबुलायतीच्या मागच्या बाजूला आणखी दोन ओळी आहेत, शाई फार उडालेली. गुरुजींना "माफी" आणि "जामीन" एवढेच शब्द लागले. रत्नागिरीकडच्या मोडीचा सराव असलेलं कुणी असेल तर व्यनि करा, फोटो पाठवतो.